गुरुवारचा खाडा

रिक्षावाल्याने माझी लोखंडी पेटी तांडापेठेतल्या बोळात उतरवली, समोरच्या उभ्या लाकडी जिन्याकडे एकदा पाहिलं, पेटीकडे एकदा पाहिलं आणि "बस बाई, इथवरच" म्हणून जो सटकला तो सटकलाच.

शहात्तर सालचा श्रावण होता. नुकतीच सर येऊन गेलेली, गटारं तुडुंब, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून हातमागांची खटखट. नागपुरात मला ओळखणारं कोणी नव्हतं. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची नोकरी लागली म्हणून मी सावनेरहून आले होते, आणि त्या जिन्यावरची खोली रंभाबाई नावाच्या कोष्टी बाईंकडून भाड्याने घेतली होती.

समोर मारुतीचं छोटं देऊळ, त्याला लागून व्यायामशाळा, आणि व्यायामशाळेच्या ओट्यावर — एक तरुण. बसलेला म्हणावं तर तसाही नाही. भिंतीला पोतं टेकवून ठेवावं तसा टेकलेला. खांदे मात्र असे, की सदऱ्याच्या शिवणींची कीव यावी.

"अहो, जरा हात लावता का? पेटी वर न्यायची आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

"लावला असता, बाई," तो ओशाळून म्हणाला, "पण... हात वर होऊनच नाई राहिले."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळपासून भांग पाडला नाई. कंगवा डोक्यापर्यंत पोचतच नाई."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण केस खरोखरच चिमणीने अर्धवट सोडलेल्या घरट्यासारखे होते.

तेवढ्यात खालच्या घरातून एक ठसठशीत, मोकळ्या कपाळाची, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. याच रंभाबाई. "कवड्या! मोहल्ल्याचा पहिलवान ना तू? पोरीची पेटी उचलाले होत नाई तुले?"

"मावशी, काल वस्तादानं लय घेतलं माह्याकडून..."

मी वाद संपायची वाट पाहिली नाही. पदर खोचला, पेटीची एक कडी डाव्या हाताने धरली आणि पहिल्या पायरीवर चढवली. दुसऱ्या पायरीला मागून भार हलका झाला. वळून पाहिलं तर तो. हात वर होत नव्हते म्हणून त्याने पेटीला खालून छातीच लावली होती.

"काय भरलं आहे जी यात? दगडं?"

"गोळा."

"कायचा?"

"लोखंडाचा. फेकायचा. कॉलेजात असताना मी गोळाफेक करायचे."

तो थांबला. पेटीवरून त्याचे डोळे तेवढे दिसत होते, मोठे, काळे आणि भयंकर उत्सुक. "आता नाई फेकत?"

"नाही." मी पुढची पायरी चढले. "आता नाही."

---

कवडू पराते रंभाबाईंचा भाचा. आई-वडील लहानपणीच गेलेले, मावशीनेच वाढवलेला. माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्याचा माग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून, पावड्या दाबत, इकडून तिकडे धोटा फेकत तो सकाळपासून दुपार कलेपर्यंत नऊवारी विणायचा. रंभाबाई शेजारी बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या. चार दिवसांत मला त्या खटखटीची इतकी सवय झाली की ती थांबली की चुकल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी माग थांबला की तो समोर व्यायामशाळेत. माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं — मी मुद्दाम बघत नव्हते... निदान पहिले काही दिवस तरी नाही. जोर, बैठका, मग वजनं. दांडा जमिनीवरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर. पुन्हा खाली, पुन्हा वर. आणि प्रत्येक वेळी वस्ताद मारोतरावांचा खणखणीत आवाज, "आणखीन एक!" वस्ताद साठीचे, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज पंचविशीचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा सगळा जीव या पोरात होता, आणि जीव लावायची त्यांना एकच रीत ठाऊक होती, आणखीन एक.

एका संध्याकाळी रंभाबाईंनी मला चहाला खाली बोलावलं. कवडू कांड्या निवडत बसला होता. सूत धरलेली त्याची बोटं थरथरत होती.

"जानेवारीत राज्याची स्पर्धा आहे," रंभाबाई सांगू लागल्या. "औंदा आपल्या नागपुरातच. पहिल्या दोघाईले रेल्वेवाले नोकरीवर घेणार म्हणतात. याचा मागच्या साली चौथा नंबर आला. आता पाह्य, जिकडंतिकडं पावरलूम येऊन राहिले. हा माग किती दिवस चालन? याले नोकरी लागली तर मी डोळे मिटाले मोकळी."

"मावशी, डोळे कायले मिटतं? नोकरी लागली तर उघडे ठेव ना," कवडू म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हळूच, "पण वजन अडलं आहे, बाई. एकशे पंधरा किलो. दिवाळीपासून तिथंच आहे."

"त्याआधी?"

"त्याआधी चढतच होतं. तेव्हा मावशीचा पाय मोडला होता, घरचं सारं पाहून उरला वेळ तर जायचो व्यायामशाळेत. एक दिवसाआड."

"आणि अडल्यावर काय केलं?"

"दुप्पट मेहनत केली."

"मग?"

"मग... जराक खाली आलं. म्हणून आता तिप्पट करून राहिलो."

इतक्या निरागसपणे म्हणाला की मला हसू फुटलं. तो कावराबावरा झाला. "काहून हसता जी?"

"दिवसभर माग चालवता, तो मेहनतीत धरत नाही का?"

"तो तर काम आहे."

"हे तुमच्या पायांना कोणी सांगितलंय का?"

रंभाबाईंचा चरखा थांबला. कवडूने आपल्या पायांकडे असं पाहिलं, जणू त्यांची आज पहिल्यांदा विचारपूस होत होती.

"आमच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे," मी म्हटलं. "पाणी कमी पडलं तर झाड वाळतं, हे कोणालाही कळतं. पण जास्त झालं की पानं पिवळी पडतात, आणि नवा माणूस काय करतो? झाड सुकतंय म्हणून आणखी पाणी सोडतो. तुम्हाला मेहनत कमी पडत नाहीये. ती अंगी लागायला फुरसत मिळत नाहीये."

"मग किती करू?"

"निम्मी. चार दिवस जा, तीन दिवस खाडा. मंगळवार, गुरुवार, रविवार दांड्याला हात लावायचा नाही."

"तीन दिवस खाडा!" त्याच्या हातातली कांडी खाली पडली आणि सूत उलगडत थेट माझ्या पायापाशी आली. आम्ही दोघं एकदमच वाकलो. त्याचे केस माझ्या कपाळाला घासले, तेव्हाही विंचरलेले नव्हतेच. रंभाबाई उगाचच चरख्याला तेल घालू लागल्या.

---

दुसऱ्या दिवशी वस्ताद स्वतः बोळात येऊन उभे राहिले. जिना चढून वर आले नाहीत. खालूनच आवाज दिला.

"बाई! शाळेत पोरीले कवायत शिकवता, चांगली गोष्ट आहे. पण माह्या पोराले आळस कायले शिकवता?"

मी खिडकीत आले. अख्खा बोळ ऐकत होता. माग थांबले होते.

"वस्ताद, एक वर्ष तुमच्या पद्धतीनं झालं. दिवाळीपर्यंत माझ्या पद्धतीनं करू द्या. वजन चढलं नाही तर तुम्ही सांगाल ते खरं."

"अन् उतरलं तर?"

"तर मी स्वतः येऊन तुमच्या व्यायामशाळेचा ओटा सारवून देईन."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. कवडू दारात उभा होता. त्याला काहीच विचारलं गेलं नव्हतं. शेवटी वस्ताद म्हणाले, "शेण मी आणून ठेवतो," आणि निघून गेले. लोक हसले. मीही हसले.

पहिला मंगळवार कवडूने कसाबसा काढला. गुरुवारी मी शाळेतून आले तर तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला.

"बाई, खाड्याच्या दिवशी करू काय?"

"काही करायचं नाही."

"पण काही नाई कराले जाऊ कुठं? घरी बसलो तर समोर व्यायामशाळा दिसते. हात शिवशिवतात."

"मग दिसणार नाही तिथं जा."

"एकटाच?" तो म्हणाला... आणि लगेच त्याचे कान लाल झाले. इतका मोठा माणूस, आणि कान लाल होतात हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

रंभाबाई आतून ओरडल्या, "वं देवकी, जाय ना त्याच्यासंगं! मले महालच्या बाजारातून कुंकवाचा... नाई, हळदीचा पुडा आणून देजो. तिथलीच पाहिजे, हां! इथली चांगली नसते."

असे आम्ही हळद आणायला निघालो, आणि 'शुक्रवारी' नावाच्या तलावाच्या काठावर जाऊन बसलो.

"गुरुवारी शुक्रवारी तलाव," तो पाण्याकडे पाहत म्हणाला. "एक दिवस आगाऊच आलो आपण."

मी इतकी हसले की शेजारी शेंगा खाणाऱ्या म्हातारबांनी वळून पाहिलं. मला वाटलं होतं, हा माणूस फक्त वजनाबद्दल बोलत असेल. तो सुताच्या रंगांबद्दल बोलला. कोणत्या रंगाची किनार कोणत्या अंगावर उठून दिसते, ते बोलला. आणि मग माझ्या निळ्या पदराकडे पाहून म्हणाला, "तुमाले काठ जांभळा पाहिजे होता."

"का? हा वाईट दिसतो?"

"नाई जी. हाही... चांगलाच दिसून राहिला." कान पुन्हा लाल.

परत येताना हळदीचा पुडा घ्यायला दोघंही विसरलो. रंभाबाईंनी विचारलंही नाही.

---

त्यानंतर गुरुवार आमचा झाला. असं कोणी म्हटलं नाही. तो आपोआपच झाला. मंगळवारी माझे शाळेत सामने असत, रविवारी मी सावनेरला जाई. गुरुवार तेवढा मोकळा. कधी तलाव, कधी सीताबर्डीच्या गर्दीत नुसतंच भटकणं, कधी रंभाबाईंच्या हातचा पाटवडी-रस्सा — ज्याच्या पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कवडूने घाबरून माझ्या हातावर गुळाचा अख्खा खडा ठेवला. 'तुम्ही'चं 'तू' नक्की कुठल्या गुरुवारी झालं ते आठवत नाही. माझी पुस्तकी भाषाही सैल होत गेली आणि मधूनच घरचा एखादा शब्द तोंडून निघू लागला.

आणि वजन? पहिले काही दिवस काहीच झालं नाही. वस्ताद देवळापाशी मला पाहून खाकरायचे, "शेण ताजंच आहे, बाई." मग मागाची खटखट बदलली. सकाळी उठल्या-उठल्या ती ठणठणीत ऐकू येऊ लागली, मध्ये न अडखळणारी. मग केसांत भांग दिसू लागला. आणि दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी खिडकीतून मी पाहिलं. कवडूने दांडा खांद्यावर घेतला, एक क्षण थांबला, आणि तो वर गेला. सरळ. जणू कोणी वरून दोरीने ओढला.

एकशे साडेसतरा.

व्यायामशाळेत आरोळी उठली. कवडूने दांडा खाली टाकला आणि वस्तादांकडे न पाहता आधी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पटकन मागे झाले. तेवढा वेळ पुरला. वस्तादांनीही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामशाळेचा ओटा सारवलेला होता. वस्तादांनी स्वतः सारवला, असं रंभाबाई सांगत होत्या.

---

पण थंडी पडली आणि वजन पुन्हा अडलं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला, साडेसतराच्या वर दांडा हलेना. आणि एका गुरुवारी तलावाकाठी, शालीत हात गुंडाळून बसलो असताना कवडू म्हणाला,

"देवकी, मले वाटते... आता कमी पडून राहिलं."

"काय कमी पडतं?"

"मेहनत. तेव्हा अंग थकलं होतं, आराम भेटला तर उठलं. बरोबर होतं तुहं. पण आता अंग ताजं आहे. संध्याकाळी घरी येतो तर वाटते, अजून काही झालंच नाई. जेवढ्यात चढलो तेवढ्यात पुढं नाई चढून राहिलो. थोडं वाढवा लागन."

"नाही."

"तिप्पट नाई म्हणत मी. फक्त एक दिवस."

"एकदा एक दिवस म्हणशील, मग दोन. मला माहीत आहे हे कसं होतं!" माझा आवाज चढला. "मीसुद्धा फक्त थोडंच वाढवलं होतं. मग आणखी थोडं. युनिव्हर्सिटीच्या संघात निवड झाली होती माझी, कवडू. निवड झाल्यावर खांदा दुखत होता तरी रोज फेकत राहिले, कारण थांबले तर मागं पडीन अशी भीती. मग एके दिवशी हात वरच झाला नाही. संघ माझ्याशिवाय गेला. आजही दोरीवर लुगडं टाकायचं तर मी डाव्या हातानं टाकते. पाहिलं नाहीस?"

"पाहिलं," तो हळूच म्हणाला. "पहिल्याच दिवशी पाहिलं. पेटी डाव्या हातानं धरली होती तू."

मी उजवा हात शालीत ओढून घेतला.

"म्हणूनच तुले विचारून राहिलो. चोरून नाई केलं. मंगळवार राहू दे, रविवार राहू दे. फक्त गुरुवार..."

"गुरुवार!"

हा शब्द माझ्या तोंडून असा निघाला की तलावावरचे बगळे उडाले असावेत. "गुरुवारच बरा सापडला तुला! जा मग. रोज जा. दिवसरात्र तिथंच झोप. मला कशाला विचारतोस?"

मी उठले आणि एकटीच घरी आले.

त्यानंतर माझी खिडकी बंद राहिली. पण कान कसे बंद करणार? खालचा माग चालायचा, थांबायचा, चालायचा... धोटा मध्येच चुकायचा, सूत तुटायचं, रंभाबाई पुटपुटायच्या. मी शाळेत मुलींवर विनाकारण ओरडू लागले. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं, "मुकाट्यानं धाव."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. मी झटकन उठून दार उघडलं. पण दारात वस्ताद होते, धापा टाकत. ते तो जिना पहिल्यांदाच चढले होते.

"बाई, पोरगा आज आला नाई व्यायामशाळेत."

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं. "खाडा."

"तेच तर. म्या म्हटलं, वजन अडलं आहे, ये गुरुवारी. तर म्हणते, देवकीनं हो म्हटल्याशिवाय नाई." वस्ताद दाराच्या चौकटीला टेकले. "आता माहं ऐका. वाढवा लागते, हे त्याचं खरं आहे. मले दिसून राहिलं. पण किती, ते माह्यावर सोडू नका. मी सांगीन तर चौपटच सांगीन. मी कसा आहे ते मले ठाऊक आहे." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "तुम्ही ओट्यावर येऊन बसत जा. जास्त झालं की मले थांबवा. अख्ख्या मोहल्ल्यात मले थांबवणारं दुसरं कोणी नाई."

हा मिशाळ म्हातारा, ज्याने भर बोळात मला आव्हान दिलं होतं, तो माझ्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता. आणि मी? मी खरंच कवडूच्या खांद्यासाठी अडून बसले होते?

"कुठं आहे तो?"

"कुठं असन? गेला असन तलावावर."

तो तिथेच होता. आमच्याच जागेवर, गुडघ्यांना मिठी मारून. संध्याकाळचं ऊन पाण्यावर सांडलं होतं. मी जाऊन शेजारी बसले.

"पुढच्या गुरुवारपासून जा," मी म्हटलं. "पण त्या दिवशी जड वजन नाही. हलकं, आणि तेही थोडं. अंगानं मानलं तर पंधरा दिवसांनी आणखी थोडं. स्पर्धेच्या आधीचा आठवडा मात्र जवळजवळ आराम."

"हाव." तो माझ्याकडे पाहत होता. "तू रडली?"

"नाही."

"मग डोळे काहून लाल आहेत?"

"कवडू..." मी गवताची एक काडी तोडली, मग दुसरी तोडली. "मला तुझ्या खांद्याची भीती होती, ते खरं आहे. पण तेवढंच नव्हतं. मी... मी माह्या गुरुवारासाठी भांडत होते."

त्याने माझा उजवा हात, न उचलला जाणारा, आपल्या दोन्ही हातांत घेतला. सुताने आणि लोखंडाने खरखरीत झालेले ते तळवे... इतके अलगद असू शकतात?

"येडी," तो म्हणाला. "व्यायामशाळा सातला बंद होते. अन् गुरुवार रात्रीपर्यंत राहते ना."

---

संक्रांतीला मी सावनेरला गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. माझे वडील बबनराव कापूस आणि संत्री पिकवणारे, कमी बोलणारे. त्यांनी तिळगुळाचा लाडू तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच थांबला.

"कोष्ट्याचा पोरगा?"

"हाव, बाबा."

"शिकला किती?"

"नववी."

"अन् करते काय?"

"लुगडी विणते. वजन उचलते."

"वजन उचलून पोट भरते का वं कोणाचं?" मग लाडू खाली ठेवत, "स्पर्धा कवा आहे म्हणली?"

स्पर्धेच्या रविवारी सकाळी हॉल खचाखच भरला होता. तांडापेठ तर सारीच लोटली होती. वस्ताद नव्या फेट्यात, रंभाबाई जपमाळ घेऊन, आणि सगळ्यांत मागे भिंतीला टेकून, धोतर-टोपीतले माझे बाबा. ते येतील असं मला वाटलंच नव्हतं.

कवडू वजन उचलायला पुढे आला, तेव्हा मला त्याच्या चालण्यातच कळलं. आठवडाभराच्या आरामाने पावलं हलकी झाली होती. वस्ताद आठवडाभर तळमळत होते, दोनदा माझ्याकडे येऊन "एकदा तरी करू द्या" म्हणाले होते, आणि मी दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. पहिल्या प्रकारात, एका झटक्यात दांडा डोक्यावर नेण्याच्या, तो तिसरा राहिला. मग जर्क, म्हणजे दांडा आधी खांद्यावर आणि तिथून डोक्यावर. एकशे पंधरा सहज गेलं. एकशे साडेसतराही गेलं. पण अमरावतीचा एक पहिलवान पुढे होता, पुण्याचा एक त्याच्याही पुढे. दुसऱ्या नंबरसाठी एकशे वीस हवं होतं. कवडूने ते कधीच उचललं नव्हतं.

"एकशे वीस लावा," वस्ताद म्हणाले. आवाज पहिल्यांदाच बारीक.

कवडू दांड्याशी आला. हातांना खडूची पांढरी पूड चोळली. इकडेतिकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. वाकला. दांडा खांद्यावर घेताना तो खाली बसला, आणि बसल्या जागीच राहिला. उठेना. मांड्या थरथरल्या... मग हळू, फार हळू, तो उभा राहिला. एक श्वास घेतला. आणि फेकला वर.

कोपरं ताठ. एक पाय पुढे, एक मागे. दांडा डोलला. मी माझा पदर दातांत धरला होता. कवडूने पुढचा पाय मागे घेतला, मागचा पुढे आणला, आणि उभा राहिला, झाडासारखा. पंचांचे तिन्ही पांढरे दिवे लागले. वजन मान्य, दुसरा नंबर!

वस्ताद रडत होते. उघडउघड, मिशा ओल्या करत. रंभाबाई शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारत होत्या.

मागून कोणीतरी म्हणालं, "बाप्पा!" ते बाबा होते.

---

गर्दी ओसरल्यावर आम्ही हॉलबाहेर आलो. कवडूच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि सदऱ्यावर गुलाल. बाबांना पाहताच तो वाकून पाया पडला. बाबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"नोकरी भेटन म्हणतात?"

"हाव जी. साहेब आत्ताच बोलले. पण... भुसावळले."

मला हे माहीत नव्हतं.

"दूर आहे," बाबा म्हणाले.

"दूर आहे जी."

"ही राहीन का तिथं?"

कवडूने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. कान लाल. "तिले मी... अजून विचारलंच नाई जी."

"मंग विचार ना बाबू. का तेही मीच करू?" असं म्हणून बाबा चार पावलं दूर, कोपऱ्यावरच्या शेंगदाणेवाल्याकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून त्याच्याशी भाव करू लागले.

आम्ही दोघंच उरलो. एकशे वीस किलो डोक्यावर धरणारा माणूस माझ्यासमोर उभा होता आणि त्याला एक वाक्य उचलेना.

"देवकी... भुसावळ..."

"भुसावळचं काय?"

"लय गरम असते म्हणतात तिथं."

"हे नागपूरच्या माणसानं म्हणावं!"

तो हसला. मग हसू मावळलं आणि नुसते डोळे राहिले. "मावशीले तर नेईनच. अन् तू... तुही इथली नोकरी, तुह्या पोरी... मी म्हणू नये खरं तं. पण येशीन का?"

"तिथं मुलींच्या शाळा नाहीत का?"

"असतीन."

"त्या मुली धावत नाहीत का?"

"धावत असतीन... म्हणजे—" त्याने गळ्यातली झेंडूची माळ मुठीत धरली. "म्हणजे येशीन?"

"हाव," मी म्हटलं.

कोपऱ्यावर बाबा अजून भाव करत होते. शेंगदाणेवाला केव्हाचा तयार झाला होता. पण बाबांना शेंगदाणे नकोच होते.